जुन्या गाडीचा बाजार : एका काळजीचे अर्थशास्त्र
(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

पूर्ण स्पर्धेच्या बाजाराची लक्षणे लिहा, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने परीक्षेत एकदा तरी सोडविलेला आहे. असंख्य ग्राहक, असंख्य विक्रेते, एकजिनसी वस्तू, मुक्त प्रवेश ही लक्षणे भराभर लिहून झाली की शेवटी आपण एक ओळ जोडतो : ग्राहक व विक्रेते यांस बाजाराचे संपूर्ण ज्ञान असते. ह्या ओळीस अर्धा गुण मिळतो आणि तिचा विचार तेथेच संपतो. गेले चार महिने मात्र ही अर्ध्या गुणाची ओळ आमच्या घरात ठाण मांडून बसली आहे. तिच्याविषयीच हा लेख आहे.

आमचे घर जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या बाजूला. आईला दर तीन आठवड्यांनी उपचारांसाठी मुंबईस न्यावे लागते; म्हणजे माळशेज घाट उतरावयाचा आणि दुसऱ्या दिवशी तोच चढून परत यावयाचे. एस. टी.चा प्रवास तिला आता सोसत नाही. म्हणून वडिलांनी व दादाने चाळीतला कांदा विकून आलेले पैसे आणि पतसंस्थेचे दीड लाखाचे कर्ज अशी जुळवाजुळव करून एक जुनी, उंच, सात आसनांची डिझेल गाडी घेतली. अशा गाडीला हल्ली एस. यू. व्ही. म्हणतात, आमच्या गावी ती अजूनही जीपच आहे. किंमत ५ लाख २५ हजार रुपये. नोंदणीपुस्तकात आम्ही तिसरे मालक. मीटरवर ९२ हजार किलोमीटर. विकणाऱ्या दलालाने सांगितले, ‘डॉक्टरांची गाडी आहे, एकहाती वापर.’ जुन्या गाड्यांच्या कोणत्याही अड्ड्यावर पाच मिनिटे उभे राहिले तर असे वाटते की ह्या देशातील निम्म्या गाड्या डॉक्टरांच्या होत्या आणि उरलेल्या परदेशी गेलेल्या साहेबांच्या.

तीन आठवडे उत्तम गेले. मग इंजिनातील ऑइल थोडे कमी भरू लागले. सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळसर धूर दिसू लागला. नारायणगावच्या मिस्त्रीने ऑइलचे झाकण उघडून पाहिले, वास घेतला, हात पुसले आणि तो म्हणाला, ‘टर्बोचं सील असंल, नाहीतर रिंगा. उघडल्याशिवाय सांगता यायचं नाही.’ टर्बोचेच काम असेल तर पंचवीस हजारांत भागेल, रिंगांपर्यंत गेले तर नव्वद हजारांची तयारी ठेवावी, असा त्याचा अंदाज. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. गाडी अद्याप एकदाही बंद पडलेली नाही. आईच्या पाचही खेपा तिने बिनतक्रार केल्या आहेत. तरीही प्रत्येक खेपेच्या आदल्या रात्री दादा विजेरी घेऊन गाडीखाली वाकतो, आणि घाटात समोरून ढग आले की वडील बोलावयाचे थांबतात. न बिघडलेल्या गाडीची इतकी काळजी का वाटावी, हा प्रश्न मला अर्थशास्त्राचा वाटतो.

ह्या प्रश्नाचे पहिले शास्त्रीय उत्तर जॉर्ज ॲकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने दिले. त्याचा निबंध ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ ह्या नियतकालिकात १९७० साली प्रसिद्ध झाला. निबंधाच्या नावात ‘लेमन’ हा शब्द आहे. अमेरिकन बोलीत फसवी निघालेली गाडी म्हणजे लेमन, आपल्याकडे जिला डबडा किंवा खटारा म्हणतात ती. (आपल्याकडे लिंबू गाडीच्या पुढे मिरच्यांबरोबर टांगतात, तिकडे ते गाडीच्या आतच असते, एवढाच फरक.) हा निबंध तीन नियतकालिकांनी नाकारला होता. दोघांच्या मते त्यातील विचार अगदीच क्षुल्लक होता. तिसऱ्याच्या मते तो खरा मानला तर अर्थशास्त्रच बदलावे लागेल. पुढे २००१ साली ॲकरलॉफ, मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ ह्या तिघांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते माहितीच्या विषमतेवरील ह्याच विचारासाठी.

विचार सोपा आहे. समजा, एका बाजारात एकाच जातीच्या शंभर जुन्या गाड्या विकावयास आल्या आहेत. पन्नास चांगल्या, पन्नास खराब. चांगली ओळखू आली असती तर ग्राहकाने तिचे ६ लाख दिले असते आणि खराब गाडीचे ३ लाख. परंतु बाहेरून दोन्ही सारख्याच चकचकीत. कोणती कशी आहे हे विकणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास नाही. मग शहाणा ग्राहक सरासरी धरून साडेचार लाखांवर देणार नाही. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, ‘माझी पाचाच्या खाली जाणार नाही,’ आणि गाडी घेऊन घरी जातो. बाजारात राहतात त्या खराब गाड्या. हे ग्राहकालाही उमगते, आणि भाव तीनवर येतो. एकही माणूस खोटे बोललेला नाही, तरीही चांगला माल बाजारातून हाकलला गेला. ह्यास प्रतिकूल निवड म्हणतात.

ग्रेशॅमचा नियम आपण द्वितीय वर्षात शिकलो : वाईट पैसा चांगल्या पैशास चलनातून बाहेर घालवितो. दोहोंतील साम्य उघड आहे, पण ॲकरलॉफने त्यातला भेदही दाखविला. झिजलेले नाणे कोणते आणि भरीव कोणते हे देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही कळते. गाडीच्या बाबतीत ते एकालाच कळते. आमच्या घरातील काळजीचे मूळ मला येथे सापडले. दादा गाडीखाली वाकून ऑइलचा थेंब शोधत नसतो. आधीच्या मालकाला जे ठाऊक होते आणि आम्हांस नाही, ते तो शोधत असतो.

ह्या निबंधाशी भारताचा संबंध आहे, हे वाचून मला विशेष वाटले. १९६७-६८ हे वर्ष ॲकरलॉफने दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घालविले होते, आणि निबंधात त्याने आपल्याकडची उदाहरणे घेतली आहेत. बाजारातून आणलेल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, त्याच रंगाआकाराचे खडे निवडत बसणारी भारतीय गृहिणी त्यात आहे. गावचा सावकारही आहे : ऋणकोची पत त्यास घरबसल्या ठाऊक असते, बाहेरच्यास नसते, म्हणून चढ्या व्याजाने का होईना तोच कर्ज देऊ शकतो. सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या बाईकडे पाहून एखाद्यास अर्थशास्त्र आठवावे, ह्याचा मला हेवा वाटतो. आमच्या भागातील शेतकऱ्यास तर हे सांगावयासच नको. वर निवडक कांदा आणि तळाशी गोल्टी भरलेल्या पिशवीवर कोणता व्यापारी किती भाव पाडील, हे त्याला पाठ असते. आणि ज्याची पिशवी तळापर्यंत चांगली असते त्यालाही तोच भाव घ्यावा लागतो.

वडिलांनी आयुष्यात अनेक बैल घेतले-विकले. बेल्ह्याच्या बाजारात बैल घेताना दात पाहावयाचे, चालवून पाहावयाचे, शिंगापासून खुरापर्यंत हात फिरवावयाचा, आणि विकणारा कोणत्या गावचा, त्याचे पाहुणे कोण, हे बोलता बोलता काढून घ्यावयाचे. यातील शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विकणारा पुढच्या बाजारीही भेटणार आहे, त्याची अब्रू गावोगाव फिरते आहे, म्हणून तो बैलाची खोड सहसा लपवीत नाही. मोटारीच्या अड्ड्यावर हे सारे नाहीसे होते. दलालाची आणि आपली गाठ एकदाच पडावयाची असते.

तरी गाडीलाही दात असतात. आमच्या मिस्त्रीकडून आणि दादाच्या मित्रांकडून मी ह्या विषयात बरेच शिकलो. मीटरचा आकडा हा सर्वांत कमी विश्वासाचा पुरावा, कारण हल्लीचे मीटरही यंत्र लावून मागे आणता येतात. त्याऐवजी ब्रेक-क्लचच्या पायपट्ट्यांचे रबर, स्टिअरिंगची कातडी व चालकाच्या आसनाची कड पाहावी. मीटर तीस-चाळीस हजार दाखवीत असताना पायपट्टी गुळगुळीत झाली असेल तर दोहोंपैकी एक खोटे आहे आणि रबराला खोटे बोलता येत नाही. उंच सात आसनी गाडीत तर मागची आसने आधी पाहावीत. खाजगी म्हणून नोंदलेल्या कित्येक जीपगाड्यांनी उमेदीची वर्षे वडापात काढलेली असतात, आणि दहाबारा माणसे कोंबून वाहिल्याची खूण पुढे नसते, मागे असते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मीटर चाळीस हजार दाखवितो आणि चारही टायर अलीकडच्या सालचे आहेत, तर मूळचे इतक्या लवकर का गेले हे विचारावे.

धुराचे रंगही वाचता येतात. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे इंजिन स्वतःचेच ऑइल जाळते आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही राहिला तर थंडाव्याचे पाणी आत शिरत असण्याचा संभव. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढावे. थोडी वाफ चालते. भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असे समजावे. म्हणून गाडी पाहावयास जाताना ती आधीपासून चालू करून तापवून ठेवलेली असेल, तर तीच एक बातमी मानावी. थंड इंजिन पहिल्या मिनिटात जे बोलते ते नंतर बोलत नाही.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी हा सर्वांत वाईट प्रकार. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकावयास येण्याचा धोका असतो. पायपोसाखालचा बारीक गाळ आणि आसनांच्या पट्ट्यांवरील गंज एवढाच त्यांचा पुरावा.

आमच्या गाडीत ह्यांपैकी काही सापडले नव्हते. सर्व्हिसिंगच्या नोंदी कंपनीच्या केंद्रातून काढल्या तेव्हा ६१ हजार किलोमीटरपर्यंत सगळे व्यवस्थित दिसले. त्यापुढे कोरे. आजचे ९२ हजार खरे धरले तरी ३१ हजार किलोमीटर ही गाडी कोणाच्या हाती, कोणत्या ऑइलवर चालली हे कोणास सांगता येत नाही. तेवढ्या कोऱ्या पानांची किंमत धरून वडिलांनी भाव पाडून घेतला होता.

गाडी का विकली जात आहे ह्या प्रश्नाला म्हणूनच अर्थशास्त्रात मोठे मोल आहे. मालकाने गाडीला कंटाळून ती काढली तर ती वाईट बातमी. दुसऱ्याच कारणाने काढावी लागली तर गाडीविषयी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१५ साली दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्या चालविण्यास मनाई केली, तेव्हा चांगल्या गाड्यांच्याही मालकांवर त्या परप्रांतात विकण्याची पाळी आली. अशा सक्तीच्या विक्रीत प्रतिकूल निवड उरत नाही. दलालाची ‘साहेबांची बदली झाली’ ही कथाही वास्तविक हेच सिद्ध करू पाहते : विकण्याचे कारण गाडीत नाही. फरक इतकाच की कायद्याची तारीख आपल्याला पडताळता येते, साहेबाची बदली येत नाही.

स्पेन्सने १९७३ साली दाखविले की, ज्याला जास्त माहिती आहे तो ती पटवून देण्यासाठी संकेत पाठवितो, आणि जो संकेत वाईट मालास परवडत नाही तोच विश्वासार्ह ठरतो. सहा महिन्यांची लेखी हमी हा असा संकेत. खटारा विकणाऱ्यास ती परवडत नाही. (स्पेन्सचे मूळ उदाहरण नोकरीसाठी दाखविल्या जाणाऱ्या शिक्षणाचे आहे. आपण येथे तीन वर्षे काय करीत आहोत, ह्यावर त्याचे मत फारसे सुखद नाही. जिज्ञासूंनी ते जरूर वाचावे.) आमच्या दलालाने हमी दिली ती तोंडी, ‘काही झालं तर मी आहे ना!’ त्याचा फोन अजून लागतो. इंजिनाचा विषय निघाला की आवाज ऐकू येईनासा होतो.

मग कायदा काय म्हणतो? १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचे १६ वे कलम मुळात असे की मालाच्या गुणवत्तेची गर्भित हमी नसते, घेणाऱ्याने पाहून घ्यावे. अपवाद पुढे आहेत. नोंदणी आपल्या नावे वेळेत करून घेणे ही बाजू वडिलांनी पहिल्याच आठवड्यात उरकली. पुस्तकात ज्याचे नाव तो अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय आहे. तेव्हा ती चिंता विकणाऱ्याने करावयाची असते.

मला सर्वांत अधिक गुंतविले ते १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमाने. हे कलम कपटाची व्याख्या करते, आणि नुसते गप्प बसणे हे सामान्यतः कपट नव्हे असे सांगते. उदाहरणे घोड्याची आहेत. एकाने दुसऱ्यास लिलावात घोडा विकला. तो सदोष आहे हे विकणाऱ्यास ठाऊक होते, तो काही बोलला नाही. हे कपट नव्हे. घेणारी त्याचीच, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर मात्र नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य होते. आणि घेणारा जर म्हणाला की, तुम्ही नाही म्हटले नाही तर मी घोडा निर्दोष समजेन, आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाईल. दीडशे वर्षांपूर्वीच्या ह्या तीन ओळींत जुन्या मोटारीचा सारा बाजार आला आहे. अर्थात १९ व्या कलमात पुन्हा एक खोच आहे : साधारण दक्षता घेऊन ज्याला सत्य कळू शकले असते, त्याला दुसऱ्याच्या मौनाकडे बोट दाखवून करार मोडता येत नाही. म्हणजे विचारावे, विचारलेले साक्षीदारापुढे विचारावे, आणि पाहावेही.

येथवर वाचून कोणासही वाटेल की जुनी गाडी घेणे हा वेडेपणाच आहे. तसे नाही. एरिक बाँड ह्याने १९८२ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये अमेरिकेतील जुन्या पिकअप ट्रकांची पाहणी प्रसिद्ध केली. वय व वापर सारखा धरला तर जुना म्हणून घेतलेला ट्रक आणि पहिल्यापासून त्याच मालकाकडे असलेला ट्रक ह्यांच्या मोठ्या दुरुस्त्यांत त्यास फरक आढळला नाही. १९८४ साली प्रॅट व हॉफर यांनी ह्या निष्कर्षास हरकत घेतली आणि वाद पुढे चालला. पण बाँडचे म्हणणे मला तरी मोलाचे वाटते. बाजारातली माणसे पाठ्यपुस्तकातल्यासारखी हात बांधून उभी नसतात. ती मिस्त्री घेऊन जातात, झाकण उघडतात, भाव पाडतात, ओळख काढतात. वडिलांना हे मी सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘ह्याला अमेरिकेपर्यंत कशाला जायचं?’

मागच्या महिन्यात दादाने गाडी काढून टाकण्याचा विषय काढला. ज्या अड्ड्यावरून आणली तशाच दुसऱ्या अड्ड्यावर नेऊन उभी करावी. थंड इंजिन कोणी पाहणार नाही, पाच लाख कोठे गेले नाहीत, असा त्याचा हिशेब. हिशेबात चूक नव्हती. चार महिन्यांपूर्वी बाजाराच्या ज्या बाजूस आम्ही उभे होतो त्याच्या समोरच्या बाजूस आता आम्ही होतो, आणि करार कायद्यातला लिलावाचा घोडा आमच्या अंगणात बांधलेला होता. तेवढ्यात आत्याच्या दिरांनी गाडीची चौकशी केली. म्हणजे घोडा आता घरातल्या माणसालाच विकावयाचा होता. वडिलांनी घेतल्या दिवसापासून एका वहीत नोंदी ठेवल्या आहेत : किती किलोमीटरला किती ऑइल घातले, धूर कधी दिसला, मिस्त्री काय म्हणाला. ती वही त्यांनी पाहुण्यांच्या हाती दिली. दादा उठून गोठ्यात गेला. पाहुण्यांनी शांतपणे वाचले, गाडी चालवून पाहिली आणि ४ लाख २० हजार सांगितले.

म्हणजे त्या वहीची किंमत ऐंशी हजार रुपये झाली. दादा दोन दिवस कोणाशी बोलला नाही, आणि कर्जाचा हप्ता तोच भरत असल्याने त्याला दोष देता येत नाही. मी मात्र त्या आकड्याकडे पुन्हा पुन्हा पाहत राहिलो. दुरुस्ती पंचवीस हजारांची असेल किंवा नव्वद हजारांची. पाहुण्यांनी जवळजवळ नव्वदच धरले. त्यांचेही चुकले नाही. ज्याला ठाऊक नाही तो वाईटातले वाईट धरूनच भाव करणार. परंतु ह्याचा अर्थ असा की इंजिन न उघडता विकले तर, टर्बोचेच काम निघण्याचा संभव असूनही, आम्ही रिंगांचे पैसे मोजून मोकळे होणार होतो.

टर्बो उतरवून पाहण्याची मजुरी मिस्त्रीने तीन हजार सांगितली आहे. दुरुस्ती त्यात धरलेली नाही. वडिलांनी पाहुण्यांना महिनाभर थांबावयास सांगितले आणि दादानेही मान डोलावली. एकोणीस तारखेला आईची खेप आहे. ती करून आल्यावर बावीसला गाडी नारायणगावी सोडावयाची, असे ठरले आहे.